जुना किरकोळ गुन्हा आणि नोकरीची पडताळणी: फॉर्म भरण्याआधी कोर्टाचा कागद बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कळव्यात राहता, वय २८. २०१८ साली स्टेशनजवळ पार्किंगवरून मारामारी झाली आणि पोलिसांनी दोन्ही बाजूंच्या मुलांवर गुन्हा नोंदवला. पुढे ठाणे कोर्टात ‘वकिलांनी सांगितलं तसं केलं, शंभर रुपये भरले, प्रकरण मिटलं’. कलम ३२३ (साधी दुखापत) होतं की १६० (सार्वजनिक जागी मारामारी), हे तुम्हाला आठवत नाही. आता ऐरोलीतल्या एका कंपनीत बँकेच्या बॅक ऑफिसचं काम मिळतंय आणि पडताळणीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. त्यात ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा प्रश्न आहे. कन्सल्टंट म्हणतो ‘नाही’ लिहा, मित्र म्हणतो पाच वर्षांनी रेकॉर्ड पुसलं जातं, आणि एक एजंट तीन हजारांत ‘निरंक’ (एकही गुन्हा नाही असा) पोलीस दाखला काढून द्यायला तयार आहे.

‘हो लिहू की नाही लिहू’ हा प्रश्न नंतरचा. तुमची केस कोर्टात नेमकी कशी संपली, हेच तुम्हाला अजून माहीत नाही. ते कळल्याशिवाय फॉर्मवर काहीही लिहिलं तरी तो अंदाज असेल. पडताळणीत माणसं बहुतेक वेळा मूळ गुन्ह्यामुळे अडकत नाहीत. फॉर्ममध्ये एक लिहिलेलं असतं, कागद दुसरंच सांगतो, आणि त्या तफावतीवर काम जातं. आठ वर्षांपूर्वीची मारामारी बरेच एचआर समजून घेतात. गेल्या आठवड्यात भरलेली खोटी माहिती कुणी समजून घेत नाही, कारण ती आजच्या तुमच्याबद्दल असते.

आता ‘मिटलं’ याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक, फिर्यादीशी तडजोड झाली आणि कोर्टाने ती मान्य केली. भारतीय दंड संहितेतली ३२३ (साधी दुखापत), ५०४ (शिवीगाळ करून अपमान) आणि ५०६ चा साधा भाग (धमकी) ही कलमं तडजोडीची आहेत. अशी तडजोड झाली की कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. म्हणजे शिक्षा झालीच नाही. दोन, तुम्ही गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने दंड केला. हा दंड शंभराचा असो वा हजाराचा, ती दोषसिद्धीच असते. तुरुंगात गेलो नाही म्हणजे शिक्षा झाली नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. दंड हीसुद्धा शिक्षाच.

तुम्ही शंभर रुपये म्हणता, त्यावरून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे जातो. दोन टोळक्यांची सार्वजनिक जागी मारामारी झाली आणि पोलिसांनी दोन्हीकडच्यांना धरलं, की साधारणपणे कलम १६० लागतं. या कलमाला जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. हे कलम तडजोडीच्या यादीत नाही, कारण इथे तक्रार कुणा एका माणसाची नसते, सार्वजनिक शांततेची असते. त्यामुळे १६० ‘मिटत’ नाही. ते साधारणपणे कबुलीने, निकालाने किंवा सरकारने केस मागे घेतल्यावर संपतं. ३२३ ला दंड हजारापर्यंत होता. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३२३ च्या जागी ११५(२) आणि १६० च्या जागी १९४(२) आहे, दंडही वाढलेत. तुमची घटना जुनी, म्हणून तुमच्या कागदावर जुनीच कलमं दिसतील.) लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीची प्रकरणं आणि कबुलीची किरकोळ प्रकरणं शेजारीशेजारी निघतात. त्यामुळे ‘लोकअदालतीत झालं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

तर पहिलं काम शोधाचं. ई-कोर्ट्सच्या (कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी) साइटवर महाराष्ट्र, मग ठाणे जिल्हा, मग ठाण्याचं कोर्ट संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. इथे लोक चार ठिकाणी चुकतात. ‘प्रलंबित’ हाच पर्याय निवडलेला राहतो, आणि तुमची केस निकाली निघालेली असल्याने ती दिसत नाही. ‘निकाली’ किंवा ‘दोन्ही’ निवडा. वर्ष घटनेचं टाकलं जातं, पण तिथे कोर्टात केस नोंदल्याचं वर्ष लागतं, म्हणून २०१८, २०१९ आणि २०२० तिन्ही बघा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कोर्टाच्या कारकुनाने त्याच्या कानाला वाटलं तसं टाकलेलं असतं, म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका. आणि केस ‘राज्य विरुद्ध अमुक व इतर’ अशी पहिल्या आरोपीच्या नावावर असते, म्हणून तुमच्याबरोबरच्या मुलांची नावंही टाकून बघा. पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक माहीत असेल तर त्यावरून शोध सर्वांत लवकर लागतो.

इतर भागांतल्या लोकांसाठी एक सूचना, कारण आपल्याकडे पोलिसांची हद्द आणि कोर्टाची हद्द जुळत नाही. कळवा, मुंब्रा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात आणि कोर्ट ठाण्याचं. डोंबिवली त्याच आयुक्तालयात, पण कोर्ट कल्याणचं. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ नवी मुंबई आयुक्तालयात आणि कोर्ट बेलापूरचं. खारघर, कामोठे, पनवेल हे पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई, पण कोर्टाच्या दृष्टीने रायगड जिल्हा. ई-कोर्ट्सवर ठाणे जिल्ह्यात कितीही शोधलं तरी पनवेलची केस सापडणार नाही.

केस क्रमांक मिळाला की ठाणे कोर्टाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. क्रमांक, पक्षकार, कोर्ट, निकालाची तारीख आणि कोर्ट फी स्टॅम्प एवढं लागतं. आरोपी म्हणून तुमचा तो हक्कच आहे, त्यासाठी वकील लागतोच असं नाही. किरकोळ प्रकरणांच्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. तसं असेल तर अर्जावर तसा लेखी शेरा मागून घ्या आणि तो कागद जपा. पण कोर्टाची फाइल नष्ट झाली म्हणून पोलिसांकडची नोंद जात नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रत हातात आली की शेवटचा आदेशाचा भाग वाचा. ‘आरोपींची निर्दोष मुक्तता करण्यात येते’ असं असेल, किंवा तडजोडीचा उल्लेख करून मुक्त केलं असेल, तर तुम्हाला शिक्षा झालेली नाही. ‘आरोपींनी गुन्हा कबूल केला, दोषी ठरवण्यात येते, रुपये १०० दंड, दंड न भरल्यास दोन दिवस साधी कैद’ अशा धाटणीचं असेल तर ती दोषसिद्धी. ‘दंड न भरल्यास कैद’ हे वाक्य दिसलं की शंका ठेवूच नका. आणखी एक शक्यता, ‘समज देऊन सोडण्यात येते’. परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ च्या कलम ३ खाली कोर्ट असं करू शकतं. त्यात दोष सिद्ध झालेला असतो, पण त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीपायी येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. तो आदेश असेल तर फॉर्मसोबत जोडाच.

घटनेच्या दिवशी ज्यांचं वय १८ च्या आत होतं, त्यांनी आधी ते तपासावं. कोर्टाची तारीख नाही, घटनेची. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणाची अपात्रता लागत नाही. १६ वर्षांवरच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तोच अपवाद. मिटलेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी देऊही नये, असं कलम ७४ सांगतं.

पाच वर्षांनी रेकॉर्ड पुसतं, हे मात्र खरं नाही. प्रौढ माणसाची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. पाच वर्षांचा आकडा लोकांनी बहुधा पासपोर्ट कायद्यातून उचलला असावा. त्यात नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक अशा) गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर अर्जाच्या आधीची पाच वर्षं बघतात. त्याचा तुमच्या नोकरीशी संबंध नाही.

आता कंपनीला काय दिसतं ते पाहू. खासगी कंपन्यांची पडताळणी बहुतेक वेळा बाहेरच्या पडताळणी कंपनीकडे जाते. ती तुमचं शिक्षण, आधीची नोकरी, पत्ता तपासते आणि ‘कोर्ट रेकॉर्ड’ तपासते. म्हणजे तुम्ही ई-कोर्ट्सवर जे शोधाल, तेच ती नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळवून शोधते. निकाल हिरवा (स्वच्छ), पिवळा (शंका) किंवा लाल (अडचण) असा येतो. इथे नशिबाचा भाग आहे. किरकोळ केस कधी सापडते, कधी नाही, आणि कंपनी जितकी जुनी माहिती मागते त्यावरही ते अवलंबून असतं. ‘सापडणार नाही’ या भरवशावर ‘नाही’ लिहिणाऱ्यांची खरी अडचण पुढे होते. पहिल्या पडताळणीत निसटलेलं दोन वर्षांनी प्रोजेक्ट बदलताना नव्या क्लायंटच्या पडताळणीत सापडतं. मग जुना फॉर्म बाहेर निघतो आणि नोकरी तर जातेच, शिवाय अनुभवाच्या दाखल्यावरही डाग लागतो.

दुसरा प्रकार पोलीस पडताळणीचा. काही कंपन्या तुम्हालाच चारित्र्य पडताळणी दाखला आणायला सांगतात. तो महाऑनलाइनच्या पोलीस क्लिअरन्स पोर्टलवर अर्ज करून मिळतो. फोटो ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, सही आणि कंपनीचं पत्र तयार ठेवा. अर्ज तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून विशेष शाखेकडे जातो. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा क्लिअरन्स दाखला परदेशी जाण्यासाठी असतो. इथल्या नोकरीसाठी त्याची रांग लावू नका.

पोलिसांच्या नोंदीत नेहमीची अडचण अशी की गुन्हा दाखल झाल्याची नोंद पक्की असते, पण तो कसा संपला याची नोंद मागे राहते. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या दाखल्यावरही ‘गुन्हा न्यायप्रविष्ट’ असा शेरा येतो. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत जोडून ज्या ठाण्यात गुन्हा होता तिथल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना अर्ज द्या, नोंद अद्ययावत करायला सांगा, पोच घ्या आणि एक प्रत विशेष शाखेला द्या. हे काम दाखल्याचा अर्ज करण्याआधी झालेलं बरं. नंतर शेरा बदलून घेणं जास्त वेळखाऊ. ज्यांची केस खटल्यापर्यंत न जाता समरीत (पोलिसांच्या केस बंद करण्याच्या अहवालाने) बंद झाली, त्यांनीही कोर्टाने समरी मंजूर केल्याचा आदेश काढून ठेवावा. ‘ब’ समरी म्हणजे खोटी तक्रार आणि ‘क’ समरी म्हणजे गैरसमजुतीतून किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. ‘अ’ समरीत मात्र गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा अर्थ असतो.

ज्यांच्यावर काहीच नाही, त्यांनाही लाल शेरा येऊ शकतो. पाटील, जाधव, शिंदे अशी आडनावं आणि नेहमीची नावं असली की दुसऱ्याची केस तुमच्या नावावर येते. अशा वेळी त्या केसचा क्रमांक मागा, तिच्यातला पत्ता, वय, वडिलांचं नाव तुमच्या आधार आणि जन्मदाखल्याशी ताडून फरक लेखी दाखवा. ‘तो मी नाही’ एवढं फोनवर सांगून अहवाल बदलत नाही.

आता फॉर्म. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या. ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ असं विचारलं असेल आणि तुमची केस तडजोडीने संपली असेल, तर ‘नाही’ हेच खरं उत्तर. तिथे उगाच ‘हो, पण मिटलं’ लिहून स्वतःवर नसलेली शिक्षा ओढवून घेऊ नका. दंडाने संपली असेल तर ‘हो’. ‘कोणतीही केस प्रलंबित आहे का?’ याला दोन्ही प्रसंगांत ‘नाही’. पण ‘कधी अटक झाली, गुन्हा दाखल झाला, खटला चालला का?’ असं असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘हो’ लिहून निकाल जोडायचा असतो. सरकारी साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी भरून घेतात त्या फॉर्ममध्ये) तर अटक, खटला, स्थानबद्धता, बाँड, कोर्टाचा दंड आणि दोषसिद्धी हे सगळं सुटंसुटं विचारतात. त्यातल्या बाँडमध्ये आपल्याकडची चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई) येते. चॅप्टर केस ही शिक्षा नव्हे, पण तो प्रश्न असेल तिथे ती लिहावी लागते. ई-चलान भरणं यात येत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टात झालेला दंड मात्र येतो. चेक न वटल्याची कलम १३८ ची केसही फौजदारीच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि पडताळणीत ती हमखास वर येते.

सरकारी नोकरीत लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल पायाभूत मानतात. त्याचा मथितार्थ असा: माहिती खरी द्या. प्रकरण क्षुल्लक असेल तर नियुक्ती करणारा लपवल्याकडेही दुर्लक्ष करू शकतो. पण खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही. आणि फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलेलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं म्हणता येत नाही. खासगी कंपनी या चौकटीत बांधलेली नसते. तिथे जुन्या गुन्ह्यावरून नकार देऊ नका असं सांगणारा कायदा नाही. म्हणून खासगीत कायद्यापेक्षा तुमची मांडणी जास्त उपयोगी पडते.

दंड झाला असल्याचं निघालं, तर ‘हो’ च्या पुढे किंवा सोबतच्या कागदावर इतकंच लिहा: ‘२०१८ साली ठाण्यात झालेल्या एका भांडणावरून माझ्यासह काही जणांवर भा.दं.वि. कलम १६० खाली गुन्हा नोंदला गेला. केस क्रमांक अमुक, न्यायदंडाधिकारी न्यायालय, ठाणे. अमुक तारखेला न्यायालयाने १०० रुपये दंड केला, तो त्याच दिवशी भरला. कैदेची शिक्षा नव्हती. त्याआधी किंवा नंतर माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे.’ फॉर्म इंग्रजीत असेल तर हेच साध्या इंग्रजीत. ‘मला खोटं अडकवलं’ हे लिहू नका. कोर्टात कबुली दिलेली असताना असं लिहिलं, की वाचणाऱ्याला आता खोटं की तेव्हा खोटं असा प्रश्न पडतो. समोरच्यांची चूक, पोलिसांची वागणूक, घरची परिस्थिती यातलं काहीही नको. शेवटचं वाक्य, त्यानंतर काही नाही, हेच सर्वांत वजनदार आहे. फक्त ते खरं असल्याची खात्री करूनच लिहा.

तुमच्या कामाबद्दल थोडं खोलात जातो, कारण ‘बँकेचं काम, म्हणजे आपलं संपलं’ अशी तुमची भीती दिसते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १० नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँक नोकरीवर ठेवू शकत नाही. चोरी, फसवणूक, अपहार, बनावट कागद ही त्याची नेहमीची उदाहरणं. रस्त्यावरची साधी मारामारी सहसा त्यात धरत नाहीत. शिवाय तुम्ही बँकेचे नोकर नसून बँकेचं काम करणाऱ्या कंपनीचे नोकर असाल. म्हणजे कायद्याने दार बंद नाही. पण बँक ही क्लायंट आहे आणि तिच्या करारात याहून कडक अट असू शकते. तो निर्णय तुमच्या एचआरच्या हातात नसतो. म्हणून पिवळा-लाल शेरा आलाच, तर ‘मला बँकेऐवजी टेलिकॉम किंवा ई-कॉमर्सच्या प्रोसेसवर घ्या’ असा पर्याय तुम्हीच सुचवा. ऐरोली, महापे, घणसोलीच्या मोठ्या कंपन्यांत एकाच इमारतीत पाच क्लायंटची कामं चालतात.

याच्या उलट, नोकरी अडली की लोक ‘सिक्युरिटीत तरी लाग’ असा सल्ला देतात, आणि नेमकं तेच दार कायद्याने बंद असतं. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ च्या कलम १० मध्ये कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षा रक्षक नेमू नये असं म्हटलं आहे, आणि तिथे गुन्हा लहान की मोठा असा भेद नाही. विमानतळावरही अडचण येऊ शकते. नवी मुंबई विमानतळामुळे उलवे, पनवेलकडून खूप अर्ज जातायत, पण आत काम करायला प्रवेशपत्र लागतं आणि ते पोलीस पडताळणीशिवाय मिळत नाही, मग काम साफसफाईचं असो की सामान चढवण्याचं. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजलाही पोलीस पडताळणी असते. तिथे गाडीशी संबंधित गुन्हे, विशेषतः दारू पिऊन चालवणं, जास्त जड जातात.

भिवंडीची गोदामं, टीटीसी आणि तळोजा एमआयडीसीतले कारखाने, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स इथे भरती बरीचशी ठेकेदारामार्फत होते आणि आधार, पॅन, बँक पासबुक, पीएफचा क्रमांक यावर काम सुरू होतं. मोबाइल, दागिने, औषधं ठेवणारी गोदामं जास्त तपासतात आणि तिथे चोरीची जुनी केस मारामारीपेक्षा कितीतरी जड पडते. तुमच्या केसमध्ये मालमत्तेचा संबंध नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. साठा-हिशेबाच्या कामासाठी अर्ज करायला तुम्हाला काहीच हरकत नाही.

एजंटच्या दाखल्याचं स्पष्ट सांगतो. दाखल्यावर अर्ज क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. बनावट दाखला निघाला, तर शंभर रुपयांच्या दंडाच्या जागी तुमच्यावर बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हा लागेल. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटगिरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो नैतिक अधःपतनाचा गुन्हा आहे. मग बँकेचं दार खरंच बंद होईल.

ज्यांची अशी केस अजून चालू आहे, त्यांनी ‘कबूल कर, पाच मिनिटांत सुटशील’ या सल्ल्यावर होकार देण्याआधी वकिलाला दोन प्रश्न विचारावेत: कलम तडजोडीचं आहे का, आणि नसेल तर परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करता येईल का. वकील परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. आंदोलनाच्या किंवा लॉकडाऊनच्या केसेस सरकारने मागे घेतल्याचं ऐकलं असेल, तर कोर्टाचा तसा आदेश तुमच्या केसमध्ये झालाय का ते बघा. घोषणेने केस बंद होत नाही. आणि तुमच्या केसमध्ये दोषसिद्धी निघाली, तर तिच्याविरुद्ध सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण मुदत ९० दिवसांची. इतक्या वर्षांनी विलंब माफ करून घ्यावा लागेल. त्याच्या भरवशावर नोकरी थांबवू नका.

आता शुक्रवारचं. आजच ई-कोर्ट्सवर शोधा, उद्या नक्कल विभागात अर्ज टाका. नंतर एचआरला मेल करा: ‘पडताळणी फॉर्ममधल्या एका उत्तरासोबत मला न्यायालयाची प्रमाणित प्रत जोडायची आहे. प्रतीसाठी अर्ज केला आहे, पोच सोबत आहे. कृपया दहा दिवसांची मुदत द्यावी.’ बहुतेक ठिकाणी मुदत मिळते. नाही मिळाली तर ऑनलाइन दिसणाऱ्या केसच्या नोंदीची प्रत जोडा आणि प्रमाणित प्रत नंतर देतो असं लिहा. काहीच सापडलं नाही, तर ‘दंड भरल्याचं आठवतं, कागद मागवला आहे’ हेच लिहा.

हातातली सध्याची नोकरी मात्र अजून सोडू नका. ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणी समाधानकारक न आढळल्यास नेमणूक रद्द’ असं कलम असतंच, आणि बऱ्याच कंपन्या आधी रुजू करून घेतात, अहवाल महिन्या-दीड महिन्याने येतो. म्हणून एचआरला लेखी विचारा की कोर्ट रेकॉर्डचा भाग रुजू होण्याआधी पूर्ण करता येईल का. तुम्ही स्वतः केस क्रमांक दिलात तर तो भाग लवकर होतो. राजीनाम्याची तारीख त्या उत्तरावर ठरवा. नकार आलाच, तर तो कंपनीच्या धोरणामुळे आहे की क्लायंटच्या अटीमुळे, एवढं विचारून घ्या. क्लायंटची अट असेल तर त्याच कंपनीतल्या दुसऱ्या प्रोसेससाठी त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि तयार झालेली कागदांची फाइल तशीच सोबत जोडा.